काजूच्या टरफलातून वीज वाहते कशी, अडते कशी

काजूबी फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, कारण टरफलातला चीक लागला की कातडीवर फोड येतात. वेंगुर्ले, चंदगड भागात गर काढून टरफलांचे ढीग उरतात, त्यांच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा हा चीकच असतो. त्याचं रेझिन बनतं आणि ते वीज उत्तम अडवतं. त्यातूनच वीज वाहूही देता येते.

चिकात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. कार्डानॉल म्हणजे फिनॉलचं कडं आणि त्याला लागलेली १५ कार्बन अणूंची लांब शेपटी. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बॅकेलाइट तयार केलं. जुने काळे स्विच त्याचेच असत. कार्डानॉलमध्ये फॉर्मल्डिहाइड घालून तापवलं तरी असंच कड्याला कडं जोडलं जातं, ते घट्ट होत जातं आणि भट्टीत भाजल्यावर पुन्हा न वितळणारं रेझिन हाती येतं.

वीज वाहायची तर इलेक्ट्रॉन सरकायला हवेत. तांब्यात ते मोकळे असतात. रेझिनच्या प्रत्येक कड्यात ते त्या कड्यापुरते फिरतात, पण दोन कड्यांमधल्या सांध्यापाशी त्यांची वाट तुटते. म्हणूनच या रेझिनचं चांगलं वार्निश दिलेल्या मोटारीच्या वाइंडिंगला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे रोध मोजणारं यंत्र, लावला तर शेकडो मेगओहम रोध दिसतो.

तरी थोडी गळती होतेच. ती इलेक्ट्रॉनांमुळे क्वचितच होते, बहुतेकदा आयनांमुळे होते. रेझिन बनवताना वापरलेल्या आम्लाचा किंवा अल्कलीचा अंश आत राहतो, ओल लागली की त्याचे आयन सुटे होऊन सरकू लागतात. तापमान वाढलं की आणखी सरकतात, त्यामुळे तांब्याच्या उलट, गरम रेझिनचा रोध कमी होतो. इथे ती शेपटी कामाला येते. ती तेलकट असल्यामुळे पाण्याला आत शिरू देत नाही, आणि रेझिन लवचीक राहिल्यामुळे मोटार तापून गार होताना वार्निशला सहजी तडे जात नाहीत. तडा गेला की ओल शिरलीच. चार महिने हवा दमट असणाऱ्या मुलखात मला हा गुण बाकी सगळ्यांहून मोलाचा वाटतो. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच काजूच्या या चिकावर एकामागून एक पेटंटं घेतली होती.

आता याच रेझिनमधून वीज न्यायची असेल तर त्यात काजळीची बारीक पूड मिसळतात. थोडी घातली तर काहीच फरक पडत नाही, आणखी घातली तरी नाही. मग एका ठरावीक प्रमाणाशी रोध एकाएकी हजारो पटींनी कोसळतो. ओढ्यात पाय ठेवायला दगड टाकत जावं, तसं हे आहे: शेवटची फट एका ढांगेत येईपर्यंत आधीचे सगळे दगड असून नसल्यासारखे. कणांची साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळली की इलेक्ट्रॉन कणावरून कणावर जातात. स्थिर वीज साचू नये अशा लेपांसाठी एवढी वाहकता पुरते.

दुसरी रीत म्हणजे रेझिन हवा न लागू देता भाजणं. ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात, कडी कड्यांना चिकटून कार्बनचे पापुद्रे बनतात आणि तुटलेल्या वाटा जुळतात. १,००० अंशांपर्यंत नेलं की काळा, काचेसारखा चकचकीत कार्बन उरतो. त्याचा विशिष्ट रोध तांब्याच्या दोन-तीन हजार पट असतो खरा, पण मूळ रेझिनच्या मानाने तो नगण्यच.

मात्र या कामाला मी काजूचं रेझिन निवडणार नाही. ओल अडवणारी तीच शेपटी भट्टीत वायू होऊन निघून जाते आणि मागे कार्बन कमी उरतो. त्यापेक्षा उसाची चिपाडं किंवा दाणे काढलेली मक्याची कणसं आम्लात उकळून मिळणारं फर्फ्युराल बरं. त्यापासून फर्फ्युरिल अल्कोहोल आणि मग रेझिन करतात. असं रेझिन भाजून मिळालेल्या कार्बनचे इलेक्ट्रोड रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेहमी वापरले जातात.