पाहुण्या मशीनचं कुलूप बाहेरून

लिनक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी. फाइलवर 'फक्त वाचा' अशी खूण असली तरी तो तीत खुशाल लिहितो, परवानगी त्याला आडवी येत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून फायलींना कुलूप लावायचं आणि रूटचा पासवर्डही तिथेच ठेवायचा, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

कुलूप बाहेरून लागतं. पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल, मशीनला जी आख्खी हार्ड डिस्क वाटते, ती यजमान संगणकावर बहुधा काही गिगाबाइटची एक साधी फाइल असते. व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूएमूसारखा प्रोग्राम ती उघडतो, आणि तो साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर आतल्या सर्वाधिकाऱ्याला बाहेर काडीची किंमत नाही. युनिक्सच्या हिशेबात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ अंक. मालक, गट आणि इतर असे तीन रकाने. फाइलला ४४४ दिलं की वाचा सगळ्यांनी, लिहू नये कुणी. क्यूएमूने ती लिहिण्यासाठी उघडू पाहिली की 'परमिशन डिनाइड'. डिस्क फक्त वाचायची आहे, हे मग त्याला वेगळं सांगावं लागतं.

फटी मात्र दोन. फाइलचा मालक ४४४ चं ६४४ केव्हाही करू शकतो, म्हणून मालकी क्यूएमू चालवणाऱ्याकडे नको. दुसरी भल्याभल्यांना चकवते: फाइल पुसायला फाइलवर नव्हे, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते. फोल्डर मोकळा असला की ४४४ ची फाइल काढून तिच्या जागी त्याच नावाची दुसरी ठेवता येते.

कल्पना जुनीच. १९७२ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या व्हीएम/३७० मध्ये एकच सिस्टिम डिस्क अनेक वापरकर्ते मिळून फक्त वाचत.

आज एका मूळ डिस्कवर दहा मशीन चालवताना प्रत्येकाचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठतात. मूळ फाइलमध्ये एकदा जरी कुणी लिहिलं, तरी या दहाही फायलींचा ताळमेळ बिघडू शकतो. ४४४ ची खरी गरज इथे. वेगळी फाइल द्यायची नसेल, तर लॉग आणि तात्पुरत्या फायलींना मेमरीत जागा करून द्यावी लागते. आणि डिस्क गोठवण्याआधी मशीन रीतसर बंद केलेलं बरं. अर्धवट बंद पडलेली एक्स्ट-४ फाइल सिस्टिम पुढच्या वेळी आधी आपली जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, निस्तरायला बघते, त्यासाठी तिला लिहावं लागतं, आणि लिहू दिलं नाही तर ती माउंटच होत नाही.