शेकेल न शेकेल जुळणारा हिशेब

बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा ३८वा अध्याय पुष्कळ वाचक भराभर ओलांडतात. तिथे शेवटी गोष्ट नाही, निव्वळ जमाखर्च आहे. पण तो मांडून पाहिला की थक्क व्हायला होतं. इस्राएल लोकांनी अरण्यात उभारलेल्या निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल (हे वजनाचं माप) चांदी दिली. श्रीमंताने जास्त द्यायची नाही, गरिबाने कमी नाही. माणसं भरली ६,०३,५५०. म्हणजे चांदी ३,०१,७७५ शेकेल. किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, आणि जमेला आकडा आहे १०० किक्कार १,७७५ शेकेल. ताळा तंतोतंत! खर्चही तसाच: १०० किक्कारांच्या १०० उथळ्या आणि वरच्या १,७७५ शेकेलांत खांबांच्या आकड्या, मढवणी, पट्ट्या. लोकांचा पुढारी असलेल्या मोशेला जाब विचारणारं तिथे कोण होतं? तरी त्याच्याच आज्ञेवरून, अहरोनाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली, हा हिशेब लिहिला गेला.

याहून विलक्षण प्रसंग याजक आणि शास्त्री एज्राचा. इराणच्या अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षी (प्रचलित कालगणनेनुसार इ.स.पू. ४५८) तो बाबेलहून यरुशलेमेला निघाला. देव आमचा पाठीराखा आहे, असं राजाला सांगून बसल्यामुळे वाटेसाठी शिपाई मागायची त्याला लाज वाटली. आणि सोबत मंदिरासाठी काय होतं? ६५० किक्कार चांदी, १०० किक्कार चांदीची भांडी, १०० किक्कार सोनं. किक्कार साधारण ३० किलोचा धरला, तर नुसती सुटी चांदीच १९ टनांवर जाते. आकडे इतके मोठे आहेत की अनेक अभ्यासकांना ते खरे वाटत नाहीत. पण मला गुंतवून ठेवते ती एज्राची रीत.

अहवा नदीकाठी त्याने उपास करवला, प्रार्थना केली. आणि मग तराजू काढला! याजकांतले बारा प्रमुख निवडून एकेक वस्तू त्यांना तोलून दिली. यरुशलेमेत पुन्हा तोलून देईपर्यंत जपा, अशी ताकीदही दिली. देवावर भरवसा आणि तराजूवर नजर, यांत त्याला काहीच विसंगत वाटलं नाही. वाट काही महिन्यांची होती. पोहोचल्यावर तीन दिवस विसावा, आणि चौथ्या दिवशी मंदिरात सगळं पुन्हा तोललं गेलं. ताब्यात घ्यायला दोन याजक आणि दोन लेवी हजर होते. नग मोजले, वजन केलं, तिथल्या तिथे लिहून ठेवलं.

याच्या उलट वाटणारी नोंद ‘राजे’च्या दुसऱ्या पुस्तकात आहे. योवाश राजाच्या काळी मंदिराची डागडुजी करवणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ती माणसं इमानाने वागत. वाचून वाटतं, इथे सगळं विश्वासावरच होतं. पण चार ओळी वर पाहा. राजाच्या २३व्या वर्षापर्यंत पैसा येत होता आणि पडझड तशीच होती. म्हणून यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजत. मोजदाद अशी दोघांच्या हातांनी झाल्यावरच सुतार-गवंड्यांच्या मुकादमांवर विश्वास टाकला गेला.

पुढे नव्या करारात प्रेषित पौलानेही यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना हेच केलं. रक्कम पोहोचवणारी माणसं तुम्हीच पसंत करा, असं त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलं. या मोठ्या देणगीवरून कुणी बोट दाखवू नये, देवासमोर तसाच लोकांसमोरही व्यवहार चोख असावा, हे कारणही त्याने दिलं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या २०व्या अध्यायात त्याच्या सात सोबत्यांची नावं आहेत. बिरुया, थेस्सलनीका, दर्बे, आशिया अशा निरनिराळ्या ठिकाणची ही माणसं त्या वर्गणीसोबत निघालेले मंडळ्यांचे प्रतिनिधी असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात.