लाखाची गोष्ट आणि उधन्याचे स्थळ

जुने मराठी बोलपट पाहण्याची हौस सुरतेतील मराठी घरांत अजून टिकून आहे. दिवाळीला माणसे जमली, फराळाच्या बशा फिरल्या, की कोणीतरी राजा परांजप्यांचा एखादा चित्रपट लावतोच. गेल्या दिवाळीत आमच्याकडे ‘लाखाची गोष्ट’ लागला. योगायोग असा की, त्याच संध्याकाळी आमच्या पुतणीच्या लग्नाचा विषय निघाला, आणि एरवी निव्वळ करमणूक म्हणून पाहिलेल्या या चित्रपटाकडे आम्हांला जरा निराळ्या दृष्टीने पाहावे लागले.

चित्रपट १९५२ सालचा. दिग्दर्शन राजा परांजपे यांचे, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. पडद्यावर स्वतः परांजपे, राजा गोसावी, आणि त्यांच्यासमोर रेखा व चित्रा या सख्ख्या बहिणी. दोघींचेही हे पदार्पण. (पुढच्या पिढीने रेखा कामत यांना मालिकांतील आजी म्हणून ओळखले. २०२२ साली त्या निवर्तल्या.) रिकाम्या खिशाचा कलावंत श्रीमंताच्या मुलीवर प्रेम करतो. मुलीचा बाप त्याला हाकलून देत नाही. त्याच्या हाती लाख रुपये ठेवतो आणि सांगतो, एका महिन्यात हे खर्च करून दाखव, मग मुलगी तुझी. त्या काळी सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता, हे लक्षात घेतले म्हणजे लाख संपवताना होणाऱ्या त्रेधेची कल्पना येते.

खर्चाच्या अटीची ही कल्पना अमेरिकेत त्याआधीच लोकप्रिय होती. जॉर्ज बार मॅककचन यांची ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ ही कादंबरी १९०२ सालची. तिच्यावरून तिकडे अनेकदा चित्रपट निघाले. कादंबरीच्या नायकाने दहा लाख डॉलर वर्षभरात उधळले, तर त्याला सत्तर लाखांचा वारसा मिळणार असतो. तिकडे पैसा उधळून अधिक पैसा मिळवायचा, इकडे पैसा उधळून बायको मिळवायची! हा फरक आमच्या घरच्या स्त्रीवर्गाला फारच पसंत पडला.

श्रीमंत मुलगी आणि फटिंग तरुण यांची जोडी जमवणे हा तर हॉलिवूडच्या प्रणयप्रधान विनोदी चित्रपटांचा हातखंडा होता. फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १९३४ साली आला, तेव्हा १९२९ च्या मंदीने तेथील सामान्य माणूस अजून सावरला नव्हता. धनाढ्याची लाडावलेली कन्या घर सोडून पळते. बसमध्ये तिची गाठ नोकरी गेलेल्या बातमीदाराशी पडते. क्लॉडेट कोल्बर्ट आणि क्लार्क गेबल यांचा हा प्रवास आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) मधून नर्गिस आणि राज कपूर यांनी घडवला, आणि १९९१ साली ‘दिल है के मानता नहीं’ मधून तो पुन्हा झाला.

मूळ चित्रपटातील एक प्रसंग आम्हांला विशेष भावतो. मुलीला शोधून देणाऱ्यास बापाने दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केलेले असते. बातमीदार बापाकडे येतो तो बक्षिसासाठी नव्हे. प्रवासात स्वतःच्या खिशातून गेलेले एकोणचाळीस डॉलर साठ सेंट तेवढे तो मागतो. हिशेबाचा पक्का कागद आणि वर एक पैसाही नको! बापाची परीक्षा तेथेच संपते. सुरतेच्या कोणत्याही पेढीवर त्या तरुणाला मान मिळाला असता.

बिली वाइल्डर यांचा ‘सॅब्रिना’ (१९५४) मात्र अधिक स्पष्टवक्ता आहे. ऑड्री हेपबर्न ही श्रीमंतांच्या शोफरची मुलगी. तो शोफर शहाणा आणि वाचणारा. त्याच्या मते मोटारीत पुढची आणि मागची अशा दोन बैठका असतात आणि मध्ये काच असते, तसेच जगाचे आहे. मुलगी काचेपलीकडे जाते खरी, पण केव्हा? पॅरिसला राहून, पेहराव आणि चालणेबोलणे बदलून परतल्यावर. गॅरेजवरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीकडे त्या घरातील धाकट्या चिरंजिवांनी आधी ढुंकूनही पाहिलेले नसते.

येथेच या चित्रपटांची मेख आहे. त्यांतला गरीब हा फक्त खिशाने गरीब असतो. तो कवी असतो, चित्रकार असतो, बातमीदार असतो. त्याची भाषा नायिकेच्या वडिलांसारखीच शुद्ध असते. आपल्याकडील चित्रपटांत तर त्याची जातही कोणी विचारत नाही, कारण विचारण्याची गरज पडणार नाही अशीच व्यवस्था लेखकाने केलेली असते. लाख रुपयांनी भरून निघेल एवढेच अंतर तेथे ठेवलेले असते.

आता आमच्या पुतणीकडे येतो. ती बँकेत आहे. मुलगा वस्त्र-अभियंता, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, निर्व्यसनी, पगार तिच्यापेक्षा अधिक. दोघांनी आपसांत ठरवलेले. त्याचे वडील अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या गाडीने येथे आले आणि तीस वर्षे मागावर उभे राहिले. घर उधन्याला. घरात अहिराणी बोलतात.

बँका, विमा, रेल्वे आणि महाविद्यालये यांच्या नोकऱ्यांवर सुरतेत स्थिरावलेल्या आमच्यासारख्या जुन्या कुटुंबांना उधना, लिंबायत, पांडेसरा ही नावे रोज कानी पडतात. पण तेथे आमचे जाणे किती? खानदेशातून आलेल्या हजारो मराठी माणसांच्या श्रमावर या शहराचे माग चालले, आणि आम्ही मात्र ‘सुरतेतील मराठी समाज’ म्हणताना मनात आपलीच दहा-वीस घरे धरीत आलो. गणेशोत्सवही त्यांचा निराळा, आमचा निराळा.

त्या संध्याकाळी जातीचा शब्द कोणी उच्चारला नाही. “मुलगा छान आहे, पण उधना...” असे आमचे थोरले बंधू म्हणाले. “बोलणे कसे आहे त्यांचे?” असे वहिनींनी विचारले. लाख उडवणाऱ्या नायकाला तासाभरापूर्वी टाळ्या देणारी हीच मंडळी. आम्हीही गप्प बसलो, हे येथे लिहिणे भाग आहे. पुतणी उठून स्वयंपाकघरात गेली. आमच्या मातोश्री, वय वर्षे सत्त्याऐंशी, तेवढ्या म्हणाल्या, “सिनेमातल्याला दिली असतीत ना रे? त्याला तर नोकरीही नव्हती.”

बोलणी झाली ती पौषानंतर. मुलाचे वडील इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. देण्याघेण्याचा विषय बंधूंनी जरा चाचरतच काढला. त्या गृहस्थांनी खिशातून वहीचा घडी केलेला कागद काढला. कार्यालय, जेवणे, भटजी, मांडव, वऱ्हाडाचे जाणेयेणे. प्रत्येक रकमेचे दोन भाग करून अर्धा भाग आपल्या नावावर मांडलेला. “बाकी काही नको, भाऊसाहेब. पोरीला तिची नोकरी करू द्या म्हणजे झालं, आमच्याकडून अडवणूक नाही.” बंधूंना ते प्रथम लागले, मुलीच्या बापाने सारा खर्च करायचा ही त्यांची समजूत, आणि तीत थोडी ऐटही. आम्हांला मात्र एकोणचाळीस डॉलर साठ सेंट आठवल्यावाचून राहिले नाही. कागदावर एके ठिकाणी बेरीज सात रुपयांनी चुकली होती. ती त्या गृहस्थांनीच दाखवली.

मुहूर्त वैशाखातला धरला आहे. कार्यालय अडाजणला घ्यायचे की उधन्याला, यावर अजून एकमत झालेले नाही. बंधू अडाजणवर अडून आहेत. मातोश्रींना उधना पाहायचे आहे.