आमच्या गच्चीवरचे आभाळ

पार्ल्यात राहणाऱ्या माणसाला बोलता बोलता थांबण्याची सवय असते. वर विमान आले की वाक्य अर्धे सोडायचे. ते गेले की उरलेले पुरे करायचे. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या तासाला प्रत्यक्ष ज्ञानेश्वरांनाही विमानासाठी थांबावे लागते! या आवाजाविषयी आम्ही कधी फारशी तक्रार केली नाही. तक्रारीची पाळी आली ती आमची इमारत पाडायचे ठरले तेव्हा.

इमारत १९६४ सालची. तळमजला आणि वर तीन मजले. लिफ्ट नाही. पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात आणि छताचा गिलावा केव्हा खाली येईल याचा नेम नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी ८२ वर्षांच्या. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून दोन वर्षे त्या रस्त्यावर उतरलेल्या नाहीत. दिवाळीचा फराळ द्यायला आम्हीच वर जातो. दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न : "अरे, लिफ्टचं काही जमलं का रे?"

मुंबईत जुन्या इमारतीच्या जागी नवी उभारण्याचा हिशेब सरळ असतो. बिल्डर रहिवाशांना नवी घरे देतो आणि वर चढवलेले मजले विकून आपला खर्च व नफा काढतो. म्हणजे सारी मदार आभाळावर. नेमके तेच आमच्या हाती नाही!

केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या नियमांनी विमानतळाभोवतीच्या बांधकामांची उंची बांधून दिली आहे. मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे, विमान उतरते त्या दिशेने, एक अदृश्य उतरण कल्पिलेली असते. दर ५० मीटरला ती जेमतेम १ मीटर चढते आणि पुढे रुंदावत जाते. म्हणून तिला 'फनेल', म्हणजे नरसाळे, म्हणतात. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना दुसरी उतरण असते. ती ७ मीटरला १ मीटर चढते. या उतरणींच्या वर इमारतीने डोके काढायचे नाही. रंगीत नकाशात लाल रंगात आलेल्या जागेवर विमानतळ प्राधिकरणाच्या दाखल्याशिवाय बांधकाम करता येत नाही.

आमच्या दाखल्यावर ३० मीटरचा आकडा पाहून खजिनदार खूश झाले. "दहा मजले!" मग वास्तुविशारदांनी पेन्सिल काढली. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. आमची जमीनच १० मीटरवर. राहिले २०. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, सारे त्यातच. त्याचे ५ गेले. उरल्या १५ मीटरांत पाच मजले. त्यांतला तळचा मोटारींसाठी. राहायला उरले चार, म्हणजे आज आहेत तेवढेच! बिल्डरने चहा घेतला, आणि तो पुन्हा आला नाही.

सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ गरजले, "पार्ले आधी की विमानतळ आधी?" मुद्दा खोटा नव्हता. पार्ले जुने गाव. सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली; नागरी विमाने जुहूहून तेथे आली ती १९४८ साली. मीही जोरात टाळी वाजवली. मनात म्हटले, चार मजले वाढले तर काय विमाने पडणार आहेत?

पुढे १२ जून २०२५ आला. अहमदाबादेहून उडालेले विमान वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जीव गेले. इमारतीच्या उंचीमुळे तो अपघात झाला असे नव्हे. पण धावपट्टीच्या वाटेत किती माणसे, किती उंच राहावीत, हा प्रश्न त्या रात्री मला पोकळ वाटेना. २८ जून २०१८ रोजी आमच्या जवळच्याच घाटकोपरला एक लहान विमान बांधकामावर पडून पाच जण गेले, तेही आठवले. ती टाळी मी मनातल्या मनात परत घेतली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : मर्यादा हवीच, पण तिची किंमत एकट्या खालच्या माणसाने का द्यावी? उडणाऱ्या हजारोंच्या सुरक्षिततेसाठी आम्ही गळके छत सोसतो. याची नोंद कोणत्याच वहीत नाही. रस्त्यासाठी वा बागेसाठी जागा सोडणाऱ्याला तिथले बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची सोय मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीतच आली. जुन्या वारसा इमारतींच्या मालकांनाही ती मिळाली. मग ज्याने आपले आभाळ सोडले त्यालाही ती पुरती मिळावी, आणि त्या पैशातून त्याच जागी, त्याच उंचीचे, पण धड घर उभे राहावे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे तरी उंचीचा नकाशा घर घेणाऱ्याच्या हाती आधी पडावा, दस्तऐवज नंतर.

परवा फराळ द्यायला गेलो, तेव्हा हे सारे मी मावशींना समजावून सांगितले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. वरून एक विमान गेले. आम्ही दोघेही थांबलो. आवाज विरल्यावर त्या म्हणाल्या, "मला कुठं दहावा मजला हवाय रे? मला खाली जायचंय."