वास्तवकालीन व अंतःस्थापित संगणक प्रणाली

ज्या संगणक प्रणालीच्या उत्तराची ग्राह्यता ते उत्तर बरोबर असण्यावर आणि ते ठरलेल्या मुदतीत मिळण्यावर अशी दोहोंवर अवलंबून असते, तिला वास्तवकालीन प्रणाली म्हणतात. दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या पोटात बसविलेल्या, त्या यंत्राचे नियमन करणाऱ्या आणि स्वतः संगणक म्हणून वापरणाऱ्याच्या नजरेस सहसा न येणाऱ्या संगणकास अंतःस्थापित संगणक म्हणतात. या दोन संकल्पना एकच नव्हेत. विमान वाहतुकीचे नियंत्रण करणारा संगणक वास्तवकालीन असतो, परंतु तो कोणत्याही यंत्राचा अवयव नसतो. उलट, बोलक्या खेळण्यातील संगणक अंतःस्थापित असला, तरी त्याला उशीर झाल्याने काही बिघडत नाही. तथापि महत्त्वाच्या बहुतेक उपयोगांत हे दोन्ही गुण एकत्र येतात आणि म्हणून त्यांचा विचारही एकत्रच केला जातो.

‘वास्तवकालीन’ ही संज्ञा ‘रिअल टाइम’ या इंग्रजी संज्ञेवरून आली आहे. येथे वास्तव काल म्हणजे संगणकाबाहेरील जगाचा काल होय. या नावामुळे अशी प्रणाली म्हणजे अतिशय वेगवान संगणक, असा समज होतो. तो बरोबर नाही. मुदत किती असावी हे संगणक ठरवीत नाही. ज्या वस्तूचे नियमन करावयाचे तिच्या गुणधर्मांवरून ती ठरते. ती काही दशलक्षांश सेकंदांची असेल किंवा काही मिनिटांचीही असेल.

अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या हिवरखेडसारख्या गावातील विहिरीवरचा पंप हे याचे साधे उदाहरण आहे. शेतीपंपांना त्रिकला (थ्री फेज) वीजपुरवठा पाळीपाळीने होतो व पाळी पुष्कळदा रात्रीची असते. अंधारात, विंचू-सापाचे भय असताना, केवळ कळ दाबण्यासाठी शेतात जावे लागू नये म्हणून स्टार्टरला एक लहान पेटी जोडतात. शेतकरी तिला ‘ऑटो’ म्हणतात. वीज येताच मोटर चालू करणे हे तिचे दिसणारे काम. परंतु तिचे खरे कौशल्य मोटर चालू न करण्यात आहे. तीनपैकी एक फेज गेली असता चालू मोटर थांबत नाही; ती उरलेल्या फेजांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह खेचत राहते. बंद मोटरला अशा वेळी वीज दिली, तर ती फिरत नाही, नुसती गुरगुरते व नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. गुंडाळीचे तापमान त्यामुळे अल्पावधीतच धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढते. या अवधीच्या आत मोटर तोडली पाहिजे, ही झाली त्या पेटीची मुदत. तांब्याच्या तारेवरील वेष्टन किती उष्णता सोसते यावरून ती निश्चित होते. मोटर जळल्यावर मिळालेला ‘फेज गेली आहे’ हा निर्णय अचूक असला, तरी निरुपयोगी असतो.

फार लवकर घेतलेला निर्णयही चूकच ठरतो. दाब क्षणभर पडला म्हणून मोटर तोडली, तर रात्रभर पिकाला पाणी मिळत नाही. तसेच वीज परतताच एका रोहित्रावरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर रोहित्रावर असह्य भार येतो. म्हणून पेटी काही वेळ थांबून मग मोटर चालू करते. एवढ्याशा उपकरणातही अशा रीतीने दोन बाजूंच्या काळमर्यादा सांभाळाव्या लागतात.

प्रकार : मुदत चुकल्यास हानी होते अशा प्रणालींना कठोर व मुदत चुकल्यास केवळ गुणवत्ता घटते अशा प्रणालींना शिथिल वास्तवकालीन प्रणाली म्हणतात. दूरध्वनीवरील संभाषणात एखादा शब्द तुटला, तर तो पुन्हा विचारता येतो. मोटारगाडीतील सुरक्षा-फुगा उशिरा फुगला, तर त्याचा उपयोग नसतो. एकाच यंत्रात दोन्ही प्रकारची कामे असू शकतात आणि ती एकमेकांच्या आड येऊ न देणे हे अभिकल्पकाचे मुख्य काम असते.

रचना : तापमान, दाब, वेग, विद्युत् प्रवाह इ. राशी संवेदकांनी मोजल्या जातात व अंकीय स्वरूपात संगणकाकडे येतात. संगणक त्यांवरून निर्णय घेतो आणि झडप, चलित्र (मोटर), स्विच यांसारख्या कार्यवाहकांना आज्ञा देतो. कृतीचा परिणाम संवेदकांना पुन्हा जाणवतो व हे चक्र अखंड चालू राहते. लहान उपकरणांत प्रक्रियक, स्मृती, कालमापक व आदान-प्रदानाची मंडले एकाच सिलिकॉन चकतीवर असतात. तिला सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. आज्ञावली वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत कायमची भरलेली असते. बाहेरची घटना प्रक्रियकाला दोन प्रकारे कळते : त्याने ठराविक काळाने स्वतः चौकशी करावी किंवा घटनेनेच व्यत्यय संकेत पाठवून हातातील काम थांबवावे. पहिली पद्धत सोपी व भाकित करण्याजोगी आहे. दुसरी तत्पर आहे, पण अनेक व्यत्यय एकदम आले असता तिचे वर्तन सांगणे अवघड होते.

पेटी शेतात असते आणि तिची देखभाल करण्यास तेथे कोणी तज्ञ नसतो. विजेच्या कडकडाटाने किंवा दाबातील चढउतारांनी आज्ञावली मध्येच अडकली, तर ती आपोआप सुटली पाहिजे. यासाठी सूक्ष्मनियंत्रकात राखणदार गणक असतो. आज्ञावलीने ठराविक अवधीत त्याला ‘मी जागी आहे’ अशी खूण द्यावी लागते. ती न मिळाल्यास तो प्रक्रियक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

कामांचा क्रम : एकच प्रक्रियक अनेक कामे करीत असेल, तर कोणते काम केव्हा करावे हा या शास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे. सामान्य संगणकात सरासरी वेग महत्त्वाचा असतो. येथे सरासरीला फारसा अर्थ नाही; सर्वांत वाईट परिस्थितीत लागणारा वेळ मुदतीत बसतो की नाही, एवढेच पाहावयाचे असते. हजारांपैकी नऊशे नव्याण्णव वेळा तत्काळ व एकदा उशिरा उत्तर देणाऱ्या प्रक्रियकापेक्षा नेहमीच संथ, पण नेहमीच वेळेवर उत्तर देणारा प्रक्रियक येथे श्रेष्ठ होय. आधुनिक प्रक्रियकांत वेग वाढविण्यासाठी योजलेल्या द्रुतस्मृतीसारख्या युक्त्यांमुळे हा सर्वाधिक वेळ काढणे उलट कठीण झाले आहे.

या प्रश्नाचे गणिती विवेचन सी. एल. लिऊ व जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये केले. ज्या कामाचा आवर्तनकाल कमी त्याला अधिक अग्रक्रम द्यावा, असा एक साधा नियम त्यांनी अभ्यासिला. परस्परावलंबी नसलेल्या दोन आवर्ती कामांनी प्रक्रियकाचा मिळून सुमारे ८३ टक्क्यांपर्यंतच वेळ व्यापला असेल, तर या नियमाने एकही मुदत चुकत नाही. कामांची संख्या कितीही वाढली, तरी ही हमी सुमारे ६९ टक्क्यांखाली जात नाही. प्रक्रियकाचा काही वेळ रिकामा राहणे म्हणजे उधळपट्टी नसून ती हमीची किंमत आहे, हे या निष्कर्षावरून दिसून येते. कारखान्याचा हिशेबनीस ज्या संगणकाला अर्धवट वापरलेला म्हणेल, तोच या कामास योग्य असतो.

अग्रक्रमाचा नियमही कधी उलटतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कामाने एक सामाईक साधन धरून ठेवले होते. मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे जाऊ देत नव्हती आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबत होते. ते काम मुदतीत न झाल्याचे आढळताच प्रणाली नव्याने सुरू होई. साधन धरून बसलेल्या कामाला, त्याची वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता द्यावा, हा उपाय त्यापूर्वीच माहीत होता. यानाच्या परिचालन प्रणालीत तो उपलब्धही होता, पण बंद ठेवलेला होता. तो पृथ्वीवरून आज्ञा पाठवून सुरू करण्यात आला.

इतिहास : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५१ मध्ये कार्यान्वित झालेला व्हर्लविंड हा वास्तवकालीन कामासाठी बांधलेला आरंभीचा अंकीय संगणक होय. याच संस्थेत अपोलो यानांचा मार्गदर्शक संगणक अभिकल्पित झाला. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना त्यावर अनपेक्षित भार पडला व धोक्याचे इशारे येऊ लागले; परंतु कमी महत्त्वाची कामे सोडून देऊन उतरण्याचे गणित चालू ठेवण्याची सोय त्यात असल्यामुळे अवतरण यशस्वी झाले. भारतात १९६९ मध्येच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला टीडीसी-१२ हा बारा द्विमान अंकी संगणक तयार झाला. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने त्या मालिकेतील संगणक बनविले. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक व १९८० मध्ये ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक बाजारात आणल्यावर मात्र या क्षेत्राचे स्वरूपच पालटले. संगणक खोलीतून पेटीत आला.

अपघात : २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे पॅट्रियट प्रणालीला एक क्षेपणास्त्र अडविता आले नाही व २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. संगणक कालगणना दशांश सेकंदांत करीत असे. एक दशमांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. तीत राहिलेली सूक्ष्म त्रुटी सुमारे १०० तास सलग चालल्यामुळे साचत जाऊन ०·३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते, त्यामुळे ते अपेक्षित जागी सापडले नाही. प्रत्येक गणना आपापल्या परीने जवळजवळ बरोबर होती. घड्याळ मात्र चुकले होते.

उपयोग : अकोला जिल्ह्यातच पारस येथे प्रत्येकी २५० मेगॅवॉटचे दोन संच असलेले औष्णिक विद्युत् केंद्र आहे. अशा संचाची झोतयंत्रे (टर्बाइन) मिनिटाला ३,००० फेरे घेतात. वाहिनीतील दोषामुळे भार एकाएकी सुटला आणि वाफ चालूच राहिली, तर वेग सुमारे एका सेकंदात दहा टक्क्यांनी वाढतो. त्यापुढे पाती व आस तुटण्याचा धोका असतो. म्हणून वाफेच्या झडपा सेकंदाच्या अंशात बंद व्हाव्या लागतात. वेग तीन स्वतंत्र संवेदकांनी मोजून तीनपैकी दोघांचे मत ग्राह्य धरण्याची पद्धत अशा ठिकाणी रूढ आहे. एक संवेदक बिघडला म्हणून संच विनाकारण थांबत नाही आणि बेफामही होत नाही.

अकोला–खांडवा या जुन्या मीटरमापी लोहमार्गावर हिवरखेड हे स्थानक होते. अशा एकेरी मार्गांवर टोकन यंत्रांच्या साहाय्याने एका टप्प्यात एकाच गाडीला प्रवेश दिला जाई. ती व्यवस्था संगणकाविना सुरक्षित होती, कारण तीत शंका आली की गाडी उभी राही. ताशी १०० किमी. वेगाची गाडी मात्र एका सेकंदात सुमारे २८ मी. पुढे जाते. चालकाचे सिग्नलकडे दुर्लक्ष झाल्यास आपोआप गतिरोध लावणारी ‘कवच’ ही भारतीय प्रणाली प्रवासी गाड्यांवर २०१६ च्या फेब्रुवारीत प्रथम चाचणीसाठी वापरली गेली व २०२० मध्ये तिला राष्ट्रीय प्रणाली म्हणून मान्यता मिळाली. इंजिन व स्थानक यांतील संगणक रेडिओद्वारे परस्परांशी बोलतात; बोलणे तुटले, तर सुरक्षित बाजूस झुकण्याचे जुनेच तत्त्व येथेही पाळले जाते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ या प्रदूषणमर्यादांमुळे नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला व इंधन-अंतःक्षेपण करणारा संगणक आला. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने भुजादंड एक अंश फिरण्यास सुमारे २८ दशलक्षांश सेकंद लागतात. ठिणगी व इंधन यांच्या वेळा या मापाने सांभाळाव्या लागतात. वऱ्हाडातील गावोगावी फिरणाऱ्या दुचाकींत अशा रीतीने कठोर वास्तवकालीन संगणक असतो, हे चालविणाऱ्याच्या सहसा ध्यानीही येत नाही.

पंपाची पेटीही आता पूर्वीची राहिलेली नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाने भ्रमणध्वनीवरून पंप चालू-बंद करता येतो; वीज आहे की नाही हे घरबसल्या कळते आणि रात्रीची फेरी वाचते. मात्र भ्रमणध्वनीचा संदेश केव्हा पोचेल याची हमी नसते. म्हणून अशा योजनांत घरातून येणारी आज्ञा शिथिल कामात मोडते आणि फेज तुटल्यास मोटर तोडण्याचा निर्णय स्टार्टरजवळच्या पेटीकडेच ठेवावा लागतो.