कांटेरी करडई

कुसुंबी रंग सर्वांच्या परिचयाचा. परंतु तो ज्या फुलापासून काढीत तें कुसुम्भ म्हणजे आपली करडईच, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. ऋतुसंहारांतील वसंतांत ललनांचीं वस्त्रें याच रंगाचीं आहेत.

अशा या जुन्या पिकाचा पेरा सोलापूर व मराठवाडा भागांत झपाट्यानें ओसरला. कारण विचारावें तर जो तो कांटा पुढें करतो. कांटा खराच. ऊन चढलें कीं वाळलेलीं पानें अंगांत रुततात. म्हणून कापणी पहांटे, दंव असतांच, हातांपायांस फडकीं गुंडाळून उरकावी लागे. आतां मजूर कोठून आणावा? पण त्याच कांट्यामुळें गुरें तोंड लावीत नाहींत, म्हणून ज्वारीच्या शेताभोंवतीं करडईचे तास कुंपणासारखे टाकीत. शिवाय फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बिनकांट्याचे वाणहि सिद्ध केले आहेत. तेव्हां कांटा हें अर्धेंच उत्तर, असें आम्हांस वाटतें; उरलेलें अर्धें आपल्या स्वयंपाकघरांत आहे. परदेशचें पामतेल स्वस्त मिळूं लागलें आणि घाण्याच्या करडईतेलाचें गिऱ्हाईक तुटलें. आज देशाच्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो!

आणि इकडे ही करडई आश्विनांत पेरली कीं काळ्या रानांतील मुरलेल्या ओलीवरच उभी राहते. सोटमूळ पुरुषभर खोल जातें. कोवळ्या पाल्याची भाजी होते, बियांत शेंकडा ३० च्या आसपास तेल असतें. गृहिणींनीं घाण्यावर तें अवश्य मागावें. मात्र लवकर खवटतें, तरी महिन्यापुरतेंच आणावें.