मोरचुदातले पाचवे पाणी

मोरचुदात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे स्फटिकजलाचे पाच रेणू असतात, असे आपण वर्गात सांगतो. पण हे पाचही रेणू सारखेच बांधलेले असतात का? सूत्रावरून ते कळत नाही.

धातूच्या आयनाभोवती ठरावीक संख्येने रेणू किंवा आयन ठरावीक दिशांना जोडलेले असतात, असे आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडले. पुढे १९३४ मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मोरचुदाच्या स्फटिकाची रचना उलगडली. तांब्याच्या आयनाभोवती चौरसाच्या कोपऱ्यांवर पाण्याचे चारच रेणू आढळले. वर आणि खाली, जरा दूर, सल्फेटचे ऑक्सिजन अणू होते. पाचवा रेणू तांब्याला जोडलेलाच नव्हता! त्याला हायड्रोजन बंधांनी जागेवर धरून ठेवले होते.

तांब्याभोवतीचे पाणी हटवताही येते. मोरचुदाच्या द्रावणात अमोनियाचे द्रावण थेंबथेंब घाला. आधी फिकट निळा अवक्षेप येतो. आणखी अमोनिया घातल्यावर तो विरघळतो आणि द्रावण गर्द निळे होते. त्यावर अलगद अल्कोहोल ओतून परीक्षानळी झाकून रात्रभर ठेवली, की जटिल संयुगाचे गर्द निळे स्फटिक मिळतात. (खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ ज्योत नसावी.) या स्फटिकांत चौरसाच्या कोपऱ्यांवर अमोनियाचे चार रेणू असतात आणि माथ्यावर, थोडा दूर, पाण्याचा एक.

सूत्र घटकांची मोजदाद करते. कोण कोणाला जोडलेले आहे, हे रचना सांगते. सूत्र पाठ करून घेण्याआधी विद्यार्थ्यांना हा रंगबदल जरूर दाखवावा.